ती धून पाइपवर बसत नाही

बॅगपाइप दुरुस्त करतो असं सांगितलं की इथे मिशिगनमधल्या नोव्हायमधली आपली मंडळी आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "ते ठीक आहे हो, पण जॉब काय करता?" हाच जॉब. एकोणीस वर्षं झाली. आमच्या रस्त्यावर दर दुसऱ्या घरात मोटारींच्या कंपनीतला इंजिनियर राहतो. त्यांच्या गॅरेजमध्ये मोटारी असतात. माझ्या गॅरेजमध्ये एक छोटं लेथ, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, कातड्याच्या पिशव्या आणि भिंतीवर टांगलेल्या काळ्या लाकडी नळ्या. मोटार बाहेर, बर्फात.

मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या कामातल्या गमती लिहा. गमती आहेत, सांगतो. पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट अशीही सांगायची आहे, जी मी नऊ वर्षं कोणाला सांगितली नव्हती, घरातसुद्धा. गेल्या मे महिन्यात ती ज्यांना सांगायला हवी होती त्यांना सांगून झाली. म्हणून आता लिहिता येते आहे.

माझे वडील फौजेच्या पाइप बँडमध्ये होते. इंग्रज जाताना बाकी सगळं घेऊन गेले, पाइप तेवढा विसरले, असं बाबा म्हणायचे. साताऱ्याकडच्या आमच्या वस्तीत ते इंग्रजांचं वाद्य आहे असं कोणाला वाटतच नसे. ते फौजेचं वाद्य होतं, आणि फौजेनं आमच्या माणसांना अंगावर इस्त्रीचा गणवेश आणि ताठ मान दिली होती. सुट्टीवर आले की बाबा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे पाइप वाजवत चालायचे. त्यांच्यामागे मीही बँडमध्येच भरती झालो, सतरा वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. मग बायकोला, उज्ज्वलाला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि तिच्यामागे मी मिशिगनला आलो.

ज्यांनी हे वाद्य लांबून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काखेतली पिशवी म्हणजे हवेची साठवण. खांद्यावर उभ्या असतात त्या तीन नळ्या म्हणजे तंबोरा. त्या एकच सूर धरून बसतात. खाली बोटांशी असते ती सनई. सनईसारखीच तिला पत्ती असते आणि निम्मं दुखणं त्या पत्तीचं असतं. सूर एकंदर नऊ. खालचा कोमल निषाद, मग सा पासून वरच्या सा पर्यंत, आणि त्यातलाही निषाद कोमलच. दहावा सूर नाही. हळू वाजवता येत नाही आणि मध्ये थांबताही येत नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका पुणेकर काकांनी मुलाच्या वरातीला मला बोलावलं होतं. हॉटेलचा नियम आहे, जरा सौम्य वाजवा, म्हणाले. मी म्हटलं, काका, सौम्य हवं असेल तर मी शंभर पावलं लांब उभा राहतो. खरंच पार्किंग लॉटच्या टोकाला उभा राहिलो. वरात मस्त झाली म्हणे, मला दिसली नाही.

कातड्याच्या पिशवीतून हवा झिरपू नये म्हणून तिला आतून लेप द्यावा लागतो. आता त्याच्या ट्यूब मिळतात. बाबा काकवी वापरायचे. हे मी एकदा गप्पांच्या ओघात अग्निशमन दलाच्या पाइप बँडमधल्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि त्यानं घरी जाऊन काकवीची अख्खी बाटली पिशवीत ओतली. पुढच्या रविवारी परेडमध्ये उन्हानं काकवी पातळ होऊन त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांवर उतरली. मागे माशा. तो गडी मात्र शेवटपर्यंत वाजवत राहिला. दुसऱ्या दिवशी पाइप माझ्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, की तुझ्या वडिलांना विचार, किती चमचे.

हे सगळे लोक माझ्याकडे आले ते ह्यूच्या शब्दावर. पहिल्या वर्षी मला इथे कोणी ओळखत नव्हतं. उज्ज्वला ड्यूटीवर गेली की मी तळ्याकाठच्या पार्कमध्ये जाऊन वाजवत बसायचो. एक दिवस एक लाल चेहऱ्याचा माणूस मोटार थांबवून उतरला, दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला की डावीकडची नळी सुराला चढलेली आहे. हा ह्यू मॅक्रे. ग्लासगोचा. आमच्या बँडचा पाइप मेजर, म्हणजे प्रमुख. कुठली धून वाजवायची, कुठली नाही, कोणाचे मोजे किती वर असावेत, सगळं तो ठरवणार. त्यानं मला बँडमध्ये घेतलं, मला "हवालदार" म्हणायला लागला, आणि मिशिगनभरच्या बँडना सांगितलं की पाइप बिघडला तर हवालदाराकडे न्या.

त्याचा थोरला भाऊ ॲलेक बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. तरुणपणी ब्रिटिश सैन्यात होता, मग डेट्रॉइटला कारखान्यात टूलमेकर. ॲलेकची बायको मार्गरेट, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची.

दर हिवाळ्यात स्कॉटिश मंडळींचं एक मोठं जेवण असतं. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासारखंच: माइक खरखरतो, भाषण लांबतं, आणि जेवण उशिरा आलं म्हणून कोणीतरी रुसतं. त्या जेवणात या दोन भावांचा वाद ठरलेला. तिकडे स्कॉटलंडनं वेगळं व्हावं का यावर मतदान झालं त्या वर्षी तर सूप गार होईपर्यंत चाललं. ह्यूचं म्हणणं, ब्रिटिश नावाची जात अस्तित्वातच नाही, लंडननं आपल्या सोयीसाठी काढलेलं ते नाव आहे. ॲलेकचं म्हणणं, मी स्कॉटिश आहे आणि ब्रिटिशही आहे आणि तुझ्यासारखं मला त्यानं डोकं दुखत नाही. मार्गरेट म्हणायची, मी यॉर्कशायरची, ब्रिटिश फक्त फॉर्म भरताना. आणि तिघांच्याही खिशात पासपोर्ट अमेरिकेचा.

ह्यूनं मला मध्ये ओढलं. म्हणाला, "हवालदार, तुम्ही लोकांनी ब्रिटिशांना घालवलं. बरं झालं की नाही, सांग याला."

मी म्हटलं, बरं झालं. ह्यूनं टेबलावर हात आपटला. ॲलेक शांतपणे म्हणाला, "पाइप ठेवून घेतला ना पण?"

एका बाबतीत दोघांचं एकमत असायचं. संचलनाचा एक मार्च आहे, प्रत्येक स्कॉटिश बँड वाजवतो, अनोळखी माणूसही फर्माइश करतो तो तोच. तो सुरू झाला की दोघे भाऊ उभे राहायचे. ह्यूला त्यात पुढे होणारा देश ऐकू यायचा. ॲलेक तोच मार्च ब्रिटिश गणवेशात मैलोन् मैल चालला होता. एकच धून, दोघे दोन देशांसाठी उभे. मला त्याची मोठी मौज वाटायची. त्या मतदानानंतर ह्यूनं बँडला मात्र एक नियम घालून दिला: ब्रिटनचं राष्ट्रगीत आपण वाजवायचं नाही, कोणीही मागितलं तरी. ॲलेकनं खांदे उडवले. मी "येस, पाइप मेजर" म्हटलं. फौजेतली सवय आहे ती. पाइप मेजरच्या शब्दावर प्रश्न विचारायचा नसतो.

नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ॲलेक माझ्या गॅरेजमध्ये आला. फुप्फुसाचा आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. स्टुलावर बसून बराच वेळ मी दोरा गुंडाळतो ते बघत राहिला. मग म्हणाला की माझ्या कबरीवर तू मार्च वाजवशीलच, त्याच्यानंतर एकदा राष्ट्रगीत वाजव. ब्रिटनचं.

मी दोरा खाली ठेवला. तो म्हणाला, "राणीशी माझं काही नाही. सैन्यात चार पोरं होतो आम्ही एका गाडीत. तिघांना त्या धुनेवर पुरलं. मला वेगळं कशाला?"

ह्यूला काय सांगायचं, मी विचारलं. तो हसला, खोकला. म्हणाला, मी सांगितलं तर तो दोन तास भाषण देईल आणि माझ्याकडे दोन तास नाहीत, माझ्यामागे तूच सांग. तू आमच्यापैकी कोणाच्याच बाजूचा नाहीस. मार्गरेटला एवढंच म्हटलंय, हवालदाराला सांगून ठेवतो.

मी कबूल केलं. हात हातात घेऊन कबूल केलं.

आता त्या धुनेचं. ती सुरू होते सा, सा, रे आणि चौथा सूर खालचा शुद्ध निषाद. पाइपवर निषाद कोमल. म्हणजे चौथ्याच सुराला ती टोचते. पण वाजते. बाकी सगळे सूर जागच्या जागी मिळतात. मी पुढचे दोन आठवडे गॅरेजमध्ये दार लावून ती बसवली. तो सूर लांबवायचा नाही, सा च्या आधाराला नुसता लावून सोडायचा, म्हणजे कानाला चालतो. हे मुद्दाम सांगतो, कारण मला ते येत नव्हतं असं कोणी समजू नये. मला येत होतं. तयार होतं.

नोव्हेंबरात ॲलेक गेला. दफन शुक्रवारी होतं. बुधवारी बँडची प्रॅक्टिस होती. ह्यूचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की माझ्या भावाच्या कबरीवर फक्त आपलं वाजेल. मार्च वाजेल, शोकधून वाजेल, दुसरं काही नाही. वाक्य माझ्या ओठावर होतं. पाइप मेजर, एक मिनिट, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "येस, पाइप मेजर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गरेटचा फोन आला. मी पत्ती तासत होतो, फोन स्पीकरवर टाकला. तिनं विचारलं की ॲलेक तुला काही सांगणार होता, सांगितलं का? मी म्हटलं, राष्ट्रगीत वाजव म्हणाला होता. ती म्हणाली, मग वाजवशील ना?

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते खरं सांगतो. मला ह्यू दिसला, आणि त्याच्यामागे माझ्या भिंतीवरचे सगळे पाइप दिसले, जे त्याच्या शब्दावर आले होते. हा माणूस उद्या म्हणेल की ज्याला रस्त्यावरून उचलून आणलं त्यानं माझ्या भावाच्या कबरीवर माझा नियम मोडला. परक्या घरच्या भांडणात माझ्यासारख्यानं का पडावं, असंही मनाला सांगितलं. आणि तोंडातून निघालं, "मार्गरेट, ती धून पाइपवर बसत नाही. सूर नाहीत तेवढे."

नऊच सूर असतात हे तिनं हजार वेळा ऐकलेलं. तिला खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं. ती चक्क हसली. म्हणाली, "तीस वर्षं पाइपवाल्यांच्या मागे ढोल बडवला आणि एवढं कळलं नाही त्याला." मग म्हणाली, ह्यूला बोलू नकोस, उगाच वाद नको, मार्च तर मार्च.

शुक्रवारी मी मार्च वाजवला. सगळे म्हणाले, हवालदार, तू आजवर इतका सुंदर वाजवला नव्हतास. ह्यूनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण मार्गरेट दर वर्षी त्या दिवशी मला बोलवायची. कबरीवर मार्च, मग तिच्या घरी चहा आणि सुक्या मेव्याचा केक. टेबलावर दर वर्षी कोणीतरी नवं माणूस असायचं, शेजारीण, चर्चमधली मैत्रीण, मुलगी आणि जावई. आणि दर वर्षी मार्गरेट ती गोष्ट सांगायची. आमच्या ॲलेकनं मरताना काय मागितलं माहीत आहे? जी वाजूच शकत नाही अशी धून. तीस वर्षं बँडमध्ये, आणि पत्ता नाही. ढोलवाले असेच, नाही का हवालदार? लोक हसायचे. प्रेमानंच हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो. ज्या माणसानं शेवटचं काही मागितलं त्याला मी वेड्यात काढलं होतं, आणि त्याच्या बायकोकडूनच ते वर्षानुवर्षं वदवून घेत होतो. ह्यू त्या चहाला येत नसे. कबरीवरून परस्पर घरी जाई. मार्गरेटनं गोष्ट त्याला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर माझं खोटं त्याच मिनिटाला उघडं पडलं असतं, कारण कुठलाही पाइपर सांगेल की ती वाजते. म्हणजे प्रत्येक वर्षी आपण सापडणार का, ही धाकधूक वेगळीच.

उज्ज्वला विचारायची, "अहो, मार्गरेटकडून आलात की तुम्ही दोन दिवस जेवत का नाही?" मी केक जड असतो म्हणायचो.

गेल्या मे महिन्यात मार्गरेटनं घर विकलं. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, मुलगी शॉमबर्गला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. ॲलेकचा ढोल बँडला द्यायचा होता म्हणून मी तो न्यायला गेलो. घरभर खोकी. सामान हलवणारे दोन जण स्वयंपाकघरात कपबशा कागदात गुंडाळत होते. त्यांच्यातल्या एकानं ढोल बघून विचारलं, हा कोणाचा. आणि मार्गरेट हातात चिकटपट्टी धरून गोष्ट सांगायला लागली. मरताना काय मागितलं माहीत आहे?

मी काही ठरवून गेलो नव्हतो. ती "वाजूच शकत नाही" म्हणाली आणि मी म्हटलं, "वाजते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दोघांना बाहेर जाऊन कॉफी घ्या म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पुन्हा सांग."

मी सगळं सांगितलं. गॅरेज, स्टूल, गाडीतली चार पोरं, बुधवारची प्रॅक्टिस, माझी भीती. मध्ये कुठे स्वतःची बाजू घेतली नाही, एवढं एक मला बरं वाटतं. ती म्हणाली, वाजव. पाइप आणला नव्हता, पण सरावाची छोटी नळी कायम माझ्या बॅगेत असते. खोक्यांमध्ये उभा राहून मी ती धून तिला वाजवून दाखवली. चौथा सूर आला तशी ती किंचित दचकली. बस, तेवढंच. पुढे सगळी धून ओळखता आली.

मार्गरेट म्हणाली, "म्हणजे त्याला माहीत होतं."

मी मान हलवली.

"मी नऊ वर्षं त्याच्यावर हसले. त्याच्या मुलीसमोर हसले."

तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं विचारलं, त्या तीन पोरांचं त्यानं मला कधी का सांगितलं नाही? मग विचारलं, ह्यूला माहीत आहे? नाही म्हटल्यावर म्हणाली की तू जाऊन सांगायचंस, मी नाही सांगणार. त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही. ढोल मी एकट्यानं उचलून गाडीत ठेवला.

घरी येऊन उज्ज्वलाला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. मला वाटलं, जाऊ द्या हो, म्हणेल. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात शेवटचं मागणारे पेशंट असतात. बहुतेक जण पाणी मागतात, मुलगा आला का विचारतात. आपण ते टाळलं तर ते तक्रार करायला परत येत नाहीत, एवढंच." मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "ह्यूकडे मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं.

ह्यू आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. बोटं आखडली, पाइप सुटला, पण बँड अजून त्याचाच आहे. मी दारातच उभा राहून बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो. तो ऐकत होता. गाडीतल्या पोरांपाशी आलो तेव्हा त्यानं हात वर केला आणि तिघांची नावं घेतली. एकामागून एक, थांबत थांबत. त्यांच्यातला एक या भावांच्या शेजारच्याच इमारतीतला होता. लहानपणी त्यानंच ह्यूला सायकल शिकवली होती.

मग म्हणाला, "तू मला विचारलं का नाहीस?"

"तुमचा नियम होता."

"नियम बँडला होता. तो माझा भाऊ होता."

मी खाली बघत होतो. तो म्हणाला, "मी शिव्या दिल्या असत्या. तुला, त्याला, लंडनला. तासभर दिल्या असत्या. आणि मग वाजवू दिलं असतं. माझ्याबद्दल तुला एवढंही वाटलं नाही?"

इतकी वर्षं मी समजत होतो की मी ॲलेकचा आणि मार्गरेटचा गुन्हेगार आहे. ह्यूचा तर मी मान राखला होता, असंच मला वाटायचं. ज्या माणसानं मला उभं केलं, तो मेलेल्या भावाचं एक मागणंही पुरं करणार नाही इतका हट्टी आहे, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला हट्टीपणा सोडायची संधीच दिली नव्हती. मी म्हटलं, चुकलो. दुसरं काय म्हणणार.

त्यानं शिव्या दिल्याच. बऱ्याच दिल्या. त्यातल्या काही मला कळल्याही नाहीत, ग्लासगोच्या होत्या. मी उभा होतो. मग मध्येच थांबून, कपाळाला आठ्या घालून त्यानं विचारलं, "तो खालचा सूर तू कसा घेतलास?"

मी सांगितलं. तो म्हणाला, तसा नाही घ्यायचा, आधी बोट उचल. आणि स्वतःची आखडलेली बोटं हवेत धरून दाखवायला लागला. मी समोर बसलो. अर्धा तास आम्ही त्या सुराबद्दल बोललो. बाहेर पडून गाडीत बसलो तेव्हा मला जोराची भूक लागली होती. रस्त्यात थांबून एकट्यानं एक अख्खा पिझ्झा खाल्ला. उज्ज्वलाला फोन करून सांगितलं तर ती हसली, आणि फोनवर पहिल्यांदाच तिचा आवाज मला रडवेला वाटला.

मार्गरेट शॉमबर्गला जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघं कबरस्तानात गेलो. मार्गरेट, ह्यू, उज्ज्वला आणि मी. मी किल्ट घातला होता, छातीवर बाबांचा बिल्ला लावला होता. ह्यूनं घडीची खुर्ची आणली होती. त्यानं आधीच बजावलं, मी ऐकीन, पण त्या धुनेला उभा राहणार नाही. मार्गरेट म्हणाली, तुला कोणी सांगितलंय उभं राहायला, मीही बसणार आहे, माझे गुडघे यॉर्कशायरचे आहेत. एवढ्या दिवसांत त्या दोघांना मी पहिल्यांदाच एकत्र हसताना पाहिलं.

आधी मार्च वाजवला. मग श्वास घेतला आणि ती धून सुरू केली.

जरा पलीकडे एक माणूस गवत कापत होता. त्यानं मशिन बंद केलं, टोपी काढली आणि हात छातीवर ठेवला. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं: इथल्या शाळांमध्ये मुलं त्याच चालीवर अमेरिकेचं एक गाणं म्हणतात. तो बिचारा आपल्या देशासाठी उभा होता. मार्गरेट ओठ मिटून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ह्यू ठरवल्याप्रमाणे बसूनच होता, दोन्ही हात खिशात. माझी नजर राहून राहून त्याच्याकडे जात होती. कधी एकदा संपतं असं मला झालं होतं.

संपलं. गवतवाल्यानं टोपी घातली, हात हलवला. मी पिशवीतली हवा सोडणार तेवढ्यात ह्यूनं खिशातून हात काढले.

"शेवटची ओळ उरकलीस," तो म्हणाला. "माझ्याकडे काय बघतोस? त्याच्यासाठी वाजवतोयस ना? पुन्हा घे. सुरुवातीपासून."